लेक मोर्चाला निघाली की आधी कागदपत्रं काढा

"अभ्यासात लक्ष घाल, राजकारण आपल्याला नको." कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हे वाक्य येतं ते बहुतेकदा व्हिसाच्या धास्तीपोटी. मुलीला मात्र ऐकू येतं ते एवढंच, की आईबाबांना अन्यायाचं काही वाटत नाही. सरसकट बंदी घालण्यापेक्षा धास्ती नेमकी कशाची आहे ते तिला सांगा. एकाच घरात बाबा एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), मोठी लेक एच-फोरवर (त्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) आणि धाकटा जन्माने अमेरिकन असतो. तिघांचे नियम वेगळे.

प्रचारात बिनपगारी मदत एच-फोरवरही चालते. उमेदवाराला देणगी चालत नाही, अगदी 5 डॉलरसुद्धा. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मतदान तरीही नाही. खरा धोका मतदार नोंदणीत आहे. इथे 16व्या वर्षी पूर्वनोंदणी करता येते, पण फक्त नागरिकांना. डीएमव्हीत, म्हणजे वाहन परवान्याच्या सरकारी कार्यालयात, लायसन्सचा फॉर्म भरताना, किंवा शाळेत मैत्रिणी भरताहेत म्हणून, तिने 'मी नागरिक आहे' यापुढे खूण केली तर पुढे ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. तो फॉर्म उघडून, ती ओळ बोटाने दाखवून हे समजवा.

मोर्चासाठी शाळा बुडवायची असेल तर 2023 पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत मिडल आणि हायस्कूलच्या मुलांना वर्षातून एक दिवस नागरी वा राजकीय कार्यक्रमासाठी रजा मिळते. शाळेला आधी कळवावं लागतं. पोलिसांनी पांगायला सांगितलं की तिथून लगेच निघायचं, हे आधीच ठरवा. अटक झाली, तर पुढे खटला उभा राहिला नाही तरी व्हिसाच्या अर्जात ती सांगावी लागते. त्याच अर्जात गेल्या 5 वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात, आणि डिसेंबर 2025 पासून एच-वन, एच-फोरच्या अर्जदारांना ती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितलं आहे. घाबरून खातं लपवू नका; माहिती दडवणं पोस्टपेक्षा महागात पडतं.

कागदांचं निभतं. जेवणाच्या टेबलावर "आपली जात कोणती?" हा प्रश्न आला की घर गप्प होतं. सिॲटलने फेब्रुवारी 2023मध्ये जातिभेदावर बंदी घातली, कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी सही न करता परत पाठवलं. तिने हे वाचलेलं असतं. "आम्ही जात मानत नाही" एवढ्यावर तिला वाटेला लावू नका. जात सांगा. आजोबांच्या गावात पाणवठा कोणाला खुला होता, जमीन कोणाकडे होती, शाळेत कोण जाऊ शकत होतं, तेही सांगा. माहीत नसेल तर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजीला तिलाच विचारू द्या, पण आजीला आदल्या दिवशी कल्पना द्या. अचानक विचारलं की आजी दुखावते, आवाज चढतो आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. मग 1927चा महाडचा सत्याग्रह दोघींनी मिळून वाचावा. आंबेडकर 1913मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले होते, तिथून सुरुवात केली तर तिला ते जवळचं वाटेल.