बाजाराची माहिती आहे, पण कोणाच्या डोक्यात?

सर्वेक्षणावर पैसे घालण्याआधी एक बघ: विक्रीच्या माणसाला ग्राहकाकडून जे कळतं, ते माल बनवणाऱ्यापर्यंत पोचतं का? बहुतेक ठिकाणी ते त्याच्या डोक्यातच राहतं आणि त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबर जातं. आणि माहिती घरात असूनही ती वापरली नाही, तर उपयोग शून्य. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीत इंजिनिअर स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला होता. तरी कंपनी फिल्मच्या नफ्याला चिकटून राहिली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. (कारणं आणखीही होती, पण माझ्या मते हे मोठं.) तेव्हा हुकलेल्या ऑर्डरींची कारणं लिहून ठेव, दर आठवड्याला सगळ्यांसमोर वाच, त्यावरून एखादी तरी गोष्ट बदल. आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला झापू नकोस, नाहीतर पुढची तक्रार तुझ्यापर्यंत येणारच नाही.