सर्जन तर कायमच मास्क घालतात, मग साथीत त्यांना लागण कशी होते?

तुमची पुतणी सोलापुरात सर्जरीच्या पीजीला लागली आहे. सर्जन मंडळी आयुष्यभर मास्क बांधूनच उभी असतात, मग कोविडमध्ये ती आजारी कशी पडली आणि पुन्हा अशी साथ आली तर पोरीनं कोणता मास्क वापरावा, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. कुठल्या एका हॉस्पिटलचा नाही, सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत जिथून फोन येईल तिथं जाऊन भूल देणारा. त्यामुळं टेबलाच्या डोक्याकडून बरेच सर्जन पाहून झालेत.

ऑपरेशन थिएटरमधला, म्हणजे ओटीतला, तो दोऱ्यांचा मास्क मुळात सर्जनसाठी नाहीच, पेशंटसाठी आहे. १८९७ साली तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊचे सर्जन मिकुलिच तोंडावर गॉज (जाळीदार सुती कापड) बांधून ऑपरेशन करू लागले, ते बोलताना उडणारी थुंकी जखमेत पडू नये म्हणून. (तेवढं तरी काम तो करतो का, यावरही वाद आहे. १९९१ साली स्वीडनमध्ये तीन हजारांवर ऑपरेशनांचा अभ्यास छापून आला; मास्क न लावता केलेल्या ऑपरेशनांत जखमा काही जास्त चिघळल्या नव्हत्या. पुतणीला म्हणावं, हे विभागप्रमुखांसमोर बोलू नको.) रक्ताची चिळकांडी उडाली तर नाकतोंड वाचतं, हा सर्जनचा फायदा. पण श्वास आत घेतला की हवा गालाजवळच्या फटीतून बिनदिक्कत आत येते.

एन-९५ चं तसं नाही. त्याच्या मधल्या थरातल्या बारीक तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि कण त्याला चिकटतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यांत अवघड, तेही किमान ९५ टक्के अडकतात. साबणानं धुतला किंवा सॅनिटायझरमध्ये भिजवला की हा भार उतरतो, मास्क मात्र दिसायला जसाच्या तसा. २०२० च्या तुटवड्यात आम्ही खाकी पाकिटांवर वार लिहून मास्क आळीपाळीनं वापरायचो. दोरीवर चिमटा लावून वाळत घातलेला एन-९५ सुद्धा पाहिलाय. काय बोलणार!

आमच्यासाठी सगळ्यांत भीतीचं काम म्हणजे भूल दिल्यावर पेशंटच्या श्वासासाठी घशात नळी घालणं. वुहानमध्ये न्यूरोसर्जरीला दाखल झालेल्या एका पेशंटकडून १४ कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचं जानेवारी २०२० मध्येच कळलं होतं, त्यामुळं सगळे आधीच धास्तावलेले. नळी घालताना सर्जनसकट सगळे बाहेर. आत मी आणि ओटी असिस्टंट, अंगात पीपीई किट, गॉगल, त्यावर फेसशील्ड, एसी बंद, आणि बाहेर सोलापूरचा मे महिना. गॉगलवर वाफ धरली की स्वरयंत्रच दिसायचं नाही. मग मास्कच्या वरच्या कडेला नाकावर मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) चिकटवायचो, तेवढ्यानं वाफ बरीच थांबायची.

पुढं ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी ओटीत हवेतले कण प्रत्यक्ष मोजले. नळी घालताना उडणारे कण एका साध्या खोकल्याच्या मानानं अगदीच थोडे निघाले. यात नवल नाही. स्नायू ढिले केलेला पेशंट खोकत नाही, बोलत नाही, आणि पुढं त्याचा श्वास मशीनच्या बंद नळ्यांतून चालतो. नळी काढताना तो खोकतो, तेव्हा जास्त जपायचं. शिवाय चांगल्या ओटीत तासाला वीसेक वेळा हवा बदलते. छोट्या हॉस्पिटलांत मात्र नुसता स्प्लिट एसी असतो. तो तीच हवा गार करून परत तोंडावर सोडतो.

मग लागण कुठं होत असेल? माझं मत विचाराल तर राउंडला, ओपीडीत, जिथं शुद्धीतला, खोकणारा पेशंट हातभर अंतरावर असतो तिथं. आणि डॉक्टर्स रूममध्ये. केस संपली, किट उतरवलं, जीव सुटला. आता दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण, खिडकी बंद, एसी चालू, मास्क एका कानाला लोंबतोय. डबे उघडलेत, कडक भाकरी मोडली जातेय, शेंगाचटणी इकडून तिकडं फिरतेय आणि सगळे एकदम बोलतायत. पेशंटची भीती सगळ्यांना होती. शेजारच्या खुर्चीतल्या सर्जनची कुणालाच नव्हती, कारण तो आपलाच माणूस.

म्हणून पुतणीला सांगा, हवेतून पसरणाऱ्या साथीत पेशंटजवळ एन-९५ च, आणि तोही वॉर्डात आधी. कानात अडकवायचा नको, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा घे. बाजारात कानात अडकवायचेच जास्त मिळतात आणि ते गालावर सैल बसतात. व्हॉल्व्हवाला तर अजिबात नको. त्यातून बाहेर पडणारा श्वास गाळलाच जात नाही. ओटीत तो थेट जखमेवर जाणार. केंद्र सरकारनंही जुलै २०२० मध्ये त्याविरुद्ध पत्र काढलं होतं. घातल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडं किंवा गालाकडं वारा लागला तर बसला नाही असं समजायचं. डबा खायचा तर खिडकी उघडून, पाळीपाळीनं. दाढी असली की मास्क नीट चिकटत नाही, तो प्रश्न तिला नाही. पण लांब केसांवरून पट्टे घसरतात, म्हणून वरचा पट्टा टाळूच्या मागं आणि खालचा अंबाड्याच्या खाली, मानेवर.