श्रद्धा, भीती की संस्कार? तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची

तुमचा प्रश्न असा: माणूस देवधर्म मानतो तो मनापासूनच्या श्रद्धेने, कसल्यातरी भीतीने, की लहानपणापासून तसं वळण लागलं म्हणून? तुमच्या मित्रमंडळीत यावर तीन तट पडलेत आणि कुणीच मागे हटत नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून जरा तपशिलात जातो. वाद मिटत नाही, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. कोणता देव, कोणती प्रार्थना, कोणतं पथ्य, हे संस्कार ठरवतात. ती प्रार्थना कधी आणि किती काकुळतीने होते, हे बऱ्याच अंशी भीती ठरवते. आणि मागितलेलं मिळालं नाही, बघायलाही कुणी नाही, तरी माणूस तिथून हलत का नाही, हे सांगायला श्रद्धा हा शब्द लागतो.

संस्कारांपासून सुरुवात करतो, कारण पुरावा इथे सगळ्यात भक्कम आहे. मूल कोणत्या धर्माचं होईल हे सांगायला बहुतेक वेळा त्याचे आईवडील कोण एवढं कळलं तरी पुरतं. भाषेसारखंच आहे ते. बोलण्याची क्षमता घेऊन सगळेच जन्मतात, पण कोणती भाषा तोंडात बसणार ते घर ठरवतं.

मात्र "सांगितलं म्हणून मुलाने मानलं" इतकं ते सरळ नाही. प्राचीन ग्रीकांचा देव झ्यूस, त्याच्या कथा मुलं आवडीने वाचतात. वीज फेकणारा, रागावणारा, माणसांच्या आयुष्यात ढवळाढवळ करणारा देव, म्हणजे कल्पना म्हणून त्यात काही कमी नाही. तरी ती गोष्ट वाचून मूल झ्यूसपुढे हात जोडत नाही, कारण झ्यूससाठी उपास करणारं, त्याच्यासाठी पदरचं काही सोडणारं माणूस त्याने पाहिलेलं नसतं. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये हे नेमक्या शब्दांत मांडलं. शिकणारा माणूस समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या झळ सोसून केलेल्या कृतीवर जास्त भरवसा ठेवतो. वेळ, पैसा, झोप, भूक यांपैकी काहीतरी खर्ची पडताना दिसलं, की मुलाला कळतं की हे खरंच मानतात. "बोले तैसा चाले" ही कसोटी मुलं न शिकवता लावतात. घरात रोज उपदेश होतो पण मोठ्यांच्या वागण्यात त्याचा मागमूस नाही, तिथे पुढची पिढी बाहेर पडते ती बहुधा याच दारातून.

दुसरी गोष्ट नात्यातल्या ओलाव्याची. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंग्टसन यांनी साडेतीनशेहून जास्त कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास १९७० पासून केला. तिथे दिसलं की आईवडिलांशी, आणि विशेषतः वडिलांशी, मायेचं नातं असेल तर धर्म पुढच्या पिढीत जास्त उतरतो. वडील धर्माला पक्के पण मुलांशी तुटक असतील, तर त्यांचं पक्केपण फारसं कामी येत नाही.

आता संस्कारवाद्यांना अडचणीत आणणारा आकडा. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या जुळ्या भावांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारखे जुळे (ज्यांची जनुकं सारखी) आणि वेगळे दिसणारे जुळे (ज्यांची जनुकं साध्या भावंडांइतकीच जुळतात) यांची तुलना करून माणसामाणसांतल्या धार्मिकतेच्या फरकाचा किती वाटा कशामुळे, हे त्यात मोजलं होतं. किशोरवयात, ज्या घरात ते एकत्र वाढले त्या घराचा वाटा ५६ टक्के आणि आनुवंशिक वाटा १२ टक्के निघाला. मोठेपणी घराचा वाटा १८ टक्क्यांवर आला आणि आनुवंशिक वाटा ४४ टक्क्यांवर गेला. म्हणजे घराची पकड वयाबरोबर सैल होत जाते आणि ज्याचा त्याचा स्वभाव वर येतो. हे आकडे वापरताना लोक हमखास एक चूक करतात. ४४ टक्के म्हणजे "माझ्या श्रद्धेतला ४४ टक्के भाग जनुकांचा" असा अर्थ होत नाही. तो फरक एका समूहातल्या माणसांमधला आहे. शिवाय या अभ्यासात सगळे पुरुष होते, आणि किशोरवयातली माहिती त्यांनी मोठेपणी आठवून दिली होती. आठवणीत आजचा रंग मिसळतोच. तेव्हा आकडा दिशेपुरता घ्या.

संस्कारांच्याही आधी एक जमीन असते, तिचा उल्लेख वादात सहसा होत नाही. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी मुलांना विचारलं, काही खडक टोकदार का असतात? माती आणि दगड साचत गेले म्हणून, हे उत्तर सोडून सात-आठ वर्षांची मुलंसुद्धा "प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून" हे उत्तर पसंत करत. प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी हेतू शोधण्याची ही ओढ मुलांत आपोआप असते. दुसऱ्या एका प्रयोगात (बेरिंग आणि ब्योर्कलंड, २००४) बाहुल्यांच्या खेळात मगर उंदराला खाते. उंदराला आता पाणी प्यावं लागणार नाही असं सांगणारी मुलंही त्याचं आईवर अजून प्रेम आहे असं सांगत. शरीर संपलं तरी मन उरतं, ही समजूत त्यांना सहज वाटते. यावरून मुलं जन्मतः आस्तिक ठरत नाहीत. बी पडलं तर रुजेल अशी जमीन तयार असते, एवढंच ठरतं. बी घर टाकतं.

आता भीती. भीतीने देव जन्माला घातले, हे मत रोमन काळापासून चालत आलंय आणि आजही वादात सगळ्यात जोरात तेच मांडलं जातं. मला ते अर्धवट वाटतं, कारण "भीती" या एका शब्दात किमान चार वेगळ्या भीती कोंबल्या जातात आणि चारींचं वागणं निराळं आहे.

पहिली अनिश्चिततेची. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ च्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले होते. तिथले लोक आतल्या शांत खाजणात मासे धरत, तेव्हा मंत्रतंत्र काहीच नसे. मासा खात्रीने मिळायचा आणि धोका नव्हता. तेच लोक उघड्या समुद्रावर निघाले, की निघण्याआधी विधींची रीघ लागायची. माणसं तीच, संस्कार तेच, फक्त पाणी बदललं. भीतीचा वाटा वेगळा काढून दाखवणारं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. दुसरं उदाहरण न्यूझीलंडचं. क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला, १८५ माणसं गेली. देशात २००९ पासून त्याच त्या लोकांची पाहणी दरवर्षी चालू होती, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं चित्र हाताशी होतं. भूकंपाची थेट झळ बसलेल्यांत धर्म मानणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. बाकी देशात ते घटत होतं.

आणि या भीतीवर प्रार्थनेचा उपाय लागूही पडतो, पण कुठे ते बघा. २००६ च्या लेबनॉन युद्धात उत्तर इस्रायलमधल्या धार्मिक स्त्रियांचा अभ्यास झाला. रॉकेटच्या माऱ्यात राहिलेल्या ज्या स्त्रिया स्तोत्रं म्हणत होत्या, त्यांच्यात चिंता कमी आढळली. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. त्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या, राहायची सोय, मुलांचं बघणं, म्हणजे हातपाय हलवून सुटणाऱ्या. जिथे माणसाच्या हातात काहीच उरत नाही, तिथे प्रार्थनेचा आधार सगळ्यात जास्त जाणवतो.

दुसरी भीती मृत्यूची. ऐकायला सगळ्यात पटणारी, पण तपासायला गेलं की निसटणारी. मरणाची भीती आणि धार्मिकता यांचा सरळ, सगळीकडे सारखा दिसणारा संबंध अभ्यासांतून हाती लागलेला नाही.

तिसरी देवाच्या कोपाची. इथे भीतीवादी मित्राला एक प्रश्न विचारा: जो देव मानतच नाही, तो देवाच्या कोपाला भिईल कसा? कोपाची भीती वाटायला आधी तो देव मानलेला असावा लागतो. म्हणून ही भीती श्रद्धेचं मूळ असू शकत नाही. ती शिकवलेली असते, म्हणजे संस्कारांच्या खात्यात जाते. एकदा बसली की माणसाला जागेवरून हलू देत नाही, हे मात्र खरं.

चौथी लोकांची. वाळीत पडू, लग्न मोडेल, आई रडेल. हिला धर्माची भीती म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. आत काहीच उरलेलं नसताना बाहेरचे सगळे आचार पाळणारे लोक या भीतीवर आयुष्य काढतात, आणि वादात त्यांची गणना श्रद्धावानांत होते.

राहिली श्रद्धा. शब्दच बघा: "श्रत्" आणि "धा". यातला पहिला भाग हृदय या अर्थाच्या जुन्या धातूकडे जातो असं भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात, म्हणजे "हृदय ठेवणं". एखादं विधान खरं मानणं हा त्याचा एक लहानसा भाग झाला. माणूस स्वतःला कुठे ठेवतो, हा मुख्य भाग. गीतेच्या सातव्या अध्यायात भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात सापडलेला पहिलाच आलाय, आणि दोनच श्लोकांनंतर "उदाराः सर्व एवैते", हे सगळेच थोर, असं म्हटलंय. भीतीपोटी आलेल्याला तिथे हाकललेलं नाही. चारांत नुसता संस्काराने आलेला मात्र कुठेच नाही. यावर तुमच्या मंडळींनी जरूर विचार करावा.

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी हाच धागा दुसऱ्या टोकाने पकडला. त्यांनी आणि रॉस यांनी १९६७ मध्ये दोन वृत्ती वेगळ्या केल्या: धर्म वापरणारी आणि धर्म जगणारी. पहिलीला त्यातून आधार, ओळखीपाळखी, प्रतिष्ठा हवी असते. दुसरीसाठी तो स्वतःच साध्य असतो. एकाच घरातल्या, एकाच संस्कारातल्या दोन भावंडांत या दोन्ही वृत्ती सापडतात. श्रद्धा टिकते तेव्हा सुख मिळतंच असंही नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत अनेक दशकं देव जाणवतच नसल्याची वेदना आहे. त्या काळात काम चालू होतं, प्रार्थनाही चालू होती. याला भीती किंवा सवय म्हणून मोकळं होणं मला प्रामाणिक वाटत नाही.

आता तपासायचं कसं? "तू का मानतोस?" असं थेट विचारू नका. शर्मर आणि सुलोवे यांच्या अमेरिकेतल्या पाहणीत लोकांनी स्वतःच्या श्रद्धेचं कारण विश्वाची सुंदर रचना असं बौद्धिक दिलं, आणि इतरांच्या श्रद्धेचं कारण मनाला मिळणारा दिलासा असं दिलं. स्वतःला बुद्धी, दुसऱ्याला भावना. तुमच्या वादातही हेच होत असणार. आचरणाबद्दलचं बोलणंही फुगतं: १९९३ च्या एका अभ्यासात अमेरिकेत चर्चला जातो म्हणणाऱ्यांच्या जेमतेम निम्मेच लोक प्रत्यक्ष तिथे मोजले गेले.

म्हणून अख्खा धर्म न घेता एकच कृती घ्या. समजा, रोज रात्री झोपण्यापूर्वीची प्रार्थना. दोन आठवडे एक वही ठेवा आणि काहीही बदलू नका. एखाद्या रात्री थकव्याने ती राहून गेली, तर आठवल्यावर पहिल्या मिनिटात मनात काय आलं, ते तसंच्या तसं लिहा. "आता काहीतरी वाईट होईल" हे आलं तर तिथे भीती आहे. दात न घासता झोपल्यासारखं चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं तर वळण आहे. कुणाशी तरी रोज होणारं बोलणं आज राहिलं, अशी हुरहूर वाटली तर ती श्रद्धेच्या जवळची. याच्या शेजारी दोन नोंदी ठेवा: त्या दिवशी काही काळजी होती का, आणि कुणी बघत होतं का. काळजीच्या दिवशीच प्रार्थना लांबत असेल किंवा पाहुणे असतानाच होत असेल, तर वहीच बोलेल. रात्रीच लक्षात आलं असेल तर लिहिणं सकाळवर ढकलू नका. रात्रीतून मन कारण सुधारून घेतं. आणि एकाच माणसाच्या वहीत तिन्ही सापडले तर दचकू नका. मिश्रणच सापडतं, प्रमाण बदलत राहतं.

वादात एक घसरण दोन्ही बाजूंची होते. "तू भीतीने मानतोस, म्हणून देव नाही" हे जितकं चूक, तितकंच "मला आतून वाटतं, म्हणून देव आहे" हेही चूक. समजूत कुठून आली आणि ती खरी आहे का, हे दोन वेगळे खटले आहेत. गणिताचा पाढा माराच्या भीतीने पाठ केला तरी बे चोक आठच.

शेवटची गोष्ट वादाच्या बाहेरची आहे. वहीत भीतीचं पान वाढत गेलं, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पाच-पाच, दहा-दहा वेळा करावी लागत असेल, एक शब्द चुकला तर पहिल्यापासून, मनात देवाबद्दल अभद्र विचार येऊन ते पुसायला पुन्हा जप, आणि यात रोजचा तासभर किंवा जास्त जात असेल, तर ती श्रद्धाही नाही आणि कोपही नाही. तो मंत्रचळ आहे, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात, आणि त्याचं हे धार्मिक रूप चांगलं परिचयाचं आहे. घरच्यांनी "झाली तुझी प्रार्थना नीट" अशी खात्री देत राहिलं की तो आणखी घट्ट होतो, कारण मनाला दर वेळी नवी खात्री लागते. मानसोपचारतज्ज्ञाकडे त्यावर औषधं आहेत, आणि एक ठरावीक उपचारपद्धतही आहे, ज्यात ती अस्वस्थता पुन्हा जप न करता थोडी थोडी सोसायला शिकवतात. त्यासाठी देव सोडावा लागत नाही.