'मधून वजा' म्हणावं का 'ने कमी'?

प्रश्न असा आलाय की मुलगी सहावीत सेमीला आहे, 'सबट्रॅक्ट 7 फ्रॉम x' आलं की ती 7 − x लिहिते, तर घरी मराठीत सांगताना 'मधून वजा' म्हणावं का 'ने कमी'?

'मधून वजा'च म्हणा. आपल्याकडे ज्यातून काढायचं ते आधी येतं आणि काढायचं ते नंतर, त्यामुळे 'x मधून 7 वजा' हे ऐकत ऐकत लिहीत गेलं तरी x − 7 होतं. इंग्रजी वाक्यात 7 आधी कानावर पडतो आणि पोरं तोच आधी लिहितात. वजाबाकी तिला येतेय हो, तिला रागवू नका.

'x पेक्षा 7 ने कमी' यातही क्रम सरळच आहे, पण पूर्ण वाक्य आलं की घोळ होतो. 'एक संख्या 20 पेक्षा 8 ने कमी आहे' याचं x − 8 = 20 असं लिहिलेलं मी कितीतरी वह्यांत बघितलंय. अरे, ती संख्या आधीच कमी आहे, तिच्यातून अजून 8 कशाला काढायचे? x = 20 − 8, झालं.

मराठीत उलटा क्रम नाहीच असं मात्र नाही. 'पाच कमी शंभर' म्हणतो तेव्हा काढायचं ते आधी येतं, आणि एकोणीस, एकोणतीस तर तसेच बनलेत, एक + ऊन + वीस, म्हणजे एकाने उणे वीस.

ह्याच 'ऊन'चं 'उणे', आणि तो शब्द ऋण संख्येसाठी राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. क्रिया असेल तर वजा, संख्याच ऋण असेल तर उणे. x − 7 = −5 हे 'x वजा सात बरोबर उणे पाच' असं मोठ्याने वाचायला लावा, दोन्ही चिन्हांचं काम वेगळं आहे हे कानालाच कळतं, मग दोन्ही बाजूंत 7 मिळवले की x = 2. ('वजा' आणि 'बाकी' दोन्ही मूळचे अरबी, आणि 'झोपडीवजा घर' मधला वजासुद्धा त्याच घरातला, तिथे अर्थ 'सारखं' एवढाच.)

12 − x = 7 ला मात्र ती अडली तर पक्षांतराचा नियम (पद दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं तो) लगेच काढू नका, 'बारातून किती गेले म्हणजे सात उरतील?' एवढंच विचारा, पाच म्हणेलच ती.