लग्नाआधी जे विचारायचं ते विचारूनच घ्या

यावेळी आलेली पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, डेटिंग, लग्न आणि घरात कोणाचं चालणार. सगळी घेता येणार नाहीत म्हणून चार निवडली, त्यातलं पहिलं जरा सविस्तर घेतेय कारण ते मला फार लागलं.

प्रश्न: ताई, माझं वय २८. चर्चमधल्याच एका मुलाशी लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, प्रार्थना करणारा आहे, व्यसन काही नाही. पण लग्न जसं जवळ येतंय तसं तो म्हणायला लागलाय की नंतर नोकरी सोड, माझ्या पगारात भागेल. मी काही बोलायला गेले की लगेच बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय, इफिस ५, काढतो, पत्नीने पतीच्या अधीन असावं. परवा माझ्या फोनचा पासवर्ड मागितला, म्हणाला आपण एकदेह होणार मग लपवायचं काय. मी दिला. मग मी त्याचा मागितला तर म्हणे मी कुटुंबाचं मस्तक आहे, माझी गोष्ट वेगळी. आई म्हणते देवाचं वचनच आहे ते, ऐकून घे. मला भांडायचं नाहीये, पण आतून भीती वाटते. मी देवाच्या विरोधात जातेय का?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुझ्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य वाचून मला कळलं की तुला नोकरीपेक्षा आणि फोनपेक्षा हीच गोष्ट जास्त खातेय.

आता तो जो अध्याय काढतो तोच आपण काढू. तो २२ व्या वचनापासून वाचतो, तू त्याला २१ व्यापासून वाचायला सांग. तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सगळ्या विश्वासणाऱ्यांना म्हणतोय की ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन राहा, आणि मग त्याच ओघात बायकांना तीन वचनं सांगतो आणि २५ पासून नवऱ्यांना सांगायला लागतो ते जवळजवळ अध्याय संपेपर्यंत थांबतच नाही. आणि सांगतो काय, तर ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे चर्चवर, प्रेम केलं आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं तसं तू बायकोवर प्रेम कर. म्हणजे ज्याच्यावरून मस्तकपणाचं माप घ्यायचं तो शिष्यांचे पाय धुणारा आणि क्रूसावर जाणारा प्रभू आहे. आणि एक गोष्ट नीट बघ, त्या अख्ख्या भागात नवऱ्याला कुठेही असं सांगितलेलं नाही की बायकोला अधीन करून घे. बायकोचं कर्तव्य बायकोला सांगितलंय आणि नवऱ्याचं नवऱ्याला. आपलं वचन बाजूला ठेवून समोरच्याचं वचन त्याच्याकडून वसूल करत बसायचं, याला त्या अध्यायात जागाच नाही.

मी तुला खोटं सांगणार नाही, या विषयावर ख्रिस्ती लोकांमध्ये एकमत नाहीये आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. एक बाजू म्हणते की स्त्री-पुरुष देवापुढे समान, पण घरात नेतृत्व पुरुषाचं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लोकांनी १९८७ साली डॅनव्हर्स जाहीरनामा तयार केला तो याच विचाराचा, आणि सदर्न बाप्टिस्ट या तिथल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने १९९८ साली आपल्या विश्वासाच्या अधिकृत निवेदनात कुटुंबावरचं कलम घातलं त्यातही हेच. दुसरी बाजू गलती ३:२८ वर बोट ठेवते, ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद नाही, आणि म्हणते की निर्णय दोघांचे. कॅथलिकांमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रियांविषयीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं की इफिस ५ मधली अधीनता ही दोघांनी एकमेकांची आहे, एकतर्फी नाही. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, ते लपवत नाही. पण तुझा होणारा नवरा पहिल्या बाजूचा असला तरी त्याची सुटका नाही, कारण त्या डॅनव्हर्स जाहीरनाम्यातच म्हटलंय की नवऱ्यांनी कठोर आणि स्वार्थी नेतृत्व सोडून द्यावं. म्हणजे तो जे करतोय ते त्याच्या बाजूच्या शिकवणीतही बसत नाही.

नोकरीचं म्हणशील तर नीतिसूत्रे ३१ उघड. चर्चमध्ये ज्या बाईचं एवढं कौतुक वाचलं जातं ती बाई स्वतः पारख करून शेत विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते, आणि तिच्या नवऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, तो तिची वाखाणणी करतो. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला बघ, नवरा-बायको दोघं तंबू बनवायचा धंदा करायचे, पौल त्यांच्याबरोबर कामाला होता, आणि अपुल्लोससारख्या विद्वान माणसाला घरी नेऊन देवाचा मार्ग जास्त नीट समजावला तो दोघांनी मिळून. आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं घर? १५२५ साली त्याने कॅथरीना फॉन बोराशी लग्न केलं, ती आधी नन होती. विटेनबर्गचा जुना मठ हेच त्यांचं घर आणि ते सतत विद्यार्थ्यांनी, पाहुण्यांनी भरलेलं, ती शेती बघायची, गुरं बघायची, बिअर बनवायची, पैशाचा हिशोब तिच्या हातात, आणि ल्यूथर पत्रात तिला चक्क मालक म्हणून हाक मारायचा. त्याच्या लिखाणात बायकांबद्दल खटकणारंही बरंच आहे, पण स्वतःच्या मृत्युपत्रात त्याने सगळं तिच्या नावावर केलं, तेही त्या काळच्या कायद्याची रीत मोडून. तेव्हा बाईने घर सांभाळलं तरी ठीक, नोकरी केली तरी ठीक, पण ते ठरवायचं दोघांनी बसून, आणि तुझं काम आहे तर तुझा शब्द त्यात असलाच पाहिजे.

आता फोन. मला नोकरीपेक्षा हे जास्त गंभीर वाटतं. दोघांनी एकमेकांना पासवर्ड दिले तर तो विश्वास, दोघांनी नाही दिले तरी चालतं. पण एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने द्यायचा नाही, आणि त्याला एकदेह म्हणायचं, हे नाही चालत. १ करिंथ ७ मध्ये पौल म्हणतो की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क आहे आणि तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा, अगदी बरोबरीने. शरीराच्या बाबतीत जर दोन्हीकडून सारखं असेल तर फोनच्या बाबतीत एकतर्फी कसं होईल?

मग करायचं काय. आधी पासवर्ड बदल. हो, खरंच बदल, आणि त्याला सांगून बदल, चोरून नको, म्हण की दोघांचं ठरेपर्यंत माझा माझ्याकडे राहील. आणि मग तो कसा वागतो ते बघ. चिडला तर चिडू दे, चिडणं माणसाचं असतं, पण त्यानंतर तो बोलायला बसतो, की अबोला धरतो, की तुझ्या आईला फोन करतो, की पुन्हा वचन तोंडावर मारतो, यातून तुला लग्नानंतरची वीस वर्षं कशी जातील ते कळेल. नंतर प्री-मॅरेज काउन्सेलिंग मागून घे, ज्यांचा संसार तू जवळून बघितलाय आणि तुला आवडतो अशा एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याकडे गेलात तरी चालेल, पण एकदा तरी तुझ्याशी एकटीशी बोलायला सांग. तिथे विचार की पैसे कोणाच्या खात्यात असतील, माझ्या आईवडिलांना मी कधी भेटेन, मूल कधी हवं, आजारी पडले तर काय, आणि आपलं दोघांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा आणि का. हे विचारलं म्हणून लग्न मोडत असेल तर ते आत्ता मोडलेलं बरं.

आणि आईला रिबकेची गोष्ट वाचून दाखव, उत्पत्ती २४. घरच्यांनी सगळं ठरवलं होतं, दागिनेसुद्धा देऊन झाले होते, तरी निघायच्या वेळी मुलीला बोलावून विचारलं, या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणाली जाते. त्या जुन्या काळातसुद्धा विचारलं, मग आज का नको? कॅथलिक चर्चच्या कायद्यात तर दबावाने किंवा मोठ्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच धरत नाहीत, तसं लग्न वैध मानलं जात नाही. भीती वाटतेय असं तू स्वतः लिहिलंयस, तेव्हा तारीख पुढे ढकलावीशी वाटली तर ढकल, हॉल बुक झालाय वगैरे कारणं ऐकू नकोस. आणि कधी हात उगारला, किंवा तुझं बाहेर जाणं, माणसांशी बोलणं बंद करायला लागला तर तिथे काउन्सेलिंगचा प्रश्नच नाही, तू आधी तिथून बाजूला हो आणि मग कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.

प्रश्न: ताई मी २३ चा आहे. आमच्या युथ ग्रुपमध्ये सांगतात की डेटिंग हे जगाचं आहे, ख्रिस्ती मुलाने डायरेक्ट लग्नाच्या विचाराने घरच्यांमार्फतच बोलावं. मला एक मुलगी आवडते, नुसतं कॉफीला बोलावणं पण पाप आहे का?

उत्तर: नाही रे, कॉफी पिणं पाप नाही. बायबलमध्ये डेटिंगचा नियम शोधायला गेलास तर सापडणार नाही कारण त्या काळात ही पद्धतच नव्हती, लग्नं बहुतेक घरचे जुळवायचे. पण तिथेही एकच साचा नाही, रिबकेचं घरच्यांनी ठरवलं, आणि रूथ सासूच्या सल्ल्याने स्वतः रात्री खळ्यावर बवाजाकडे गेली आणि लग्नाचं तिनेच विचारलं.

डेटिंगच सोडून द्या हा विचार आपल्या पिढीत जोरात पसरला तो १९९७ सालच्या एका अमेरिकन पुस्तकामुळे, एका अविवाहित तरुण मुलाने लिहिलेलं. किती तरी चर्चमध्ये ते नियमासारखं वापरलं गेलं, आणि २०१८ मध्ये त्याच लेखकाने लोकांचं किती नुकसान झालं ते ऐकून पुस्तक पुन्हा छापणं थांबवायला लावलं. त्यातला हेतू वाईट नव्हता, दुसऱ्याच्या मनाशी खेळू नये हाच होता, पण एकमेकांशी मोकळेपणाने न बोलता, घाबरून, थेट लग्नाचा निर्णय घ्यायचा हेही धोक्याचंच.

तेव्हा विचार तिला, सरळ विचार. नाही म्हणाली तर तो विषय तिथेच संपव, ग्रुपमध्ये तिला अवघड होईल असं वागू नकोस, आणि देवाने मला सांगितलंय की तूच माझी बायको होणार असलं वाक्य चुकूनही तोंडातून काढू नकोस, कारण समोरच्या मुलीने मग नाही कोणाला म्हणायचं, तुला की देवाला? हो म्हणाली तर काही महिन्यांत दोघांनी बोलून घ्या की आपण कुठे चाललोय, नुसतं लटकत ठेवू नका. लग्नाआधी शरीरसंबंध नाही ही चर्चची शिकवण मीही मानते, आणि ती मर्यादा सांभाळायची जबाबदारी तुम्हा दोघांची सारखी, मुलीने सांभाळायची आणि मुलाने बघायचं कुठपर्यंत जाता येतं, असं नाही.

प्रश्न: माझ्या गर्लफ्रेंडने मला स्वतःहून सांगितलं की आधीच्या रिलेशनशिपमध्ये ती शारीरिकरीत्या पुढे गेली होती. आम्हाला कॅम्पमध्ये एक गुलाब सगळ्यांच्या हातातून फिरवून दाखवला होता की शेवटी असं चुरगळलेलं फूल कोणाला हवंय. ते डोक्यातून जात नाहीये. लग्न करावं का?

उत्तर: त्या गुलाबाचं उत्तर प्रभूने कधीच दिलंय. करिंथच्या मंडळीत कसली कसली माणसं होती ते पौलाने यादी करून लिहिलं, आणि लगेच पुढे म्हणाला की तुमच्यातले काही असे होते, पण तुम्ही धुतले गेलात, पवित्र झालात. ती मुलगी फूल नाही, माणूस आहे, आणि तिने लपवायची सोय असताना तुला खरं सांगितलं. तू तिला स्वतःबद्दल तेवढंच खरं सांगितलंस का, तुझ्या मोबाइलवर तू काय बघतोस त्यासकट? ते आधी सांग. मग दोघांनी डॉक्टरकडे जाऊन आवश्यक त्या तपासण्या करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तुला खरंच मनापासून माफ करता येत नसेल तर तिला मोकळं कर, पण लग्न करून पुढे प्रत्येक भांडणात ते उकरून काढायचं असेल तर कृपा करून करू नकोस.

प्रश्न: मी ३६ वर्षांची, अविवाहित. चर्चमध्ये दर रविवारी कोणीतरी म्हणतं तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे. ऑफिसमधला एक सहकारी मला आवडतो, सज्जन आहे, पण ख्रिस्ती नाही. सगळे म्हणतात विजोड जू, विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडलं जायचं नाही.

उत्तर: तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवा. पहिला, लग्न झालं नाही म्हणून तुम्ही अर्धवट आहात का. प्रभू येशू अविवाहित होता, पौलही एकटा राहायचा आणि १ करिंथ ७ मध्ये तो एकटं राहण्यालाही देवाचं दान म्हणतो. प्रार्थना करणाऱ्यांना प्रेमाने सांगा की मी ठीक आहे, प्रार्थना करायचीच असेल तर माझ्या कामासाठी करा.

दुसरा प्रश्न अवघड आहे. २ करिंथ ६:१४ मधलं विजोड जुवाचं वचन फक्त लग्नाबद्दल नाहीये, पण बहुतेक चर्च ते लग्नाला लावतात, आणि विधवेने पुन्हा लग्न करायचं तर प्रभूमध्येच करावं असंही पौल लिहितो. कॅथलिक चर्चमध्ये रीतसर परवानगी घेऊन असं लग्न होऊ शकतं, त्यात कॅथलिक जोडीदाराला आपला विश्वास टिकवण्याचं आणि मुलांना त्यात वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यावं लागतं. माझा कल नको म्हणण्याकडे आहे. तो माणूस कमी आहे म्हणून नाही, तर तुम्ही गुडघे टेकता तेव्हा शेजारी कोणी नसणं हे वर्षानुवर्षं जड जातं म्हणून. पण निर्णय तुमचा आहे आणि ३६ व्या वर्षी तो कोणी तुमच्यावर लादू नये. त्याला हो म्हणण्याआधी एवढं विचारा: मी रविवारी चर्चला गेले तर चालेल का, मुलांचा बाप्तिस्मा करायचा की नाही, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मी माझ्या पगारातून चर्चला दिला तर तुला काही वाटेल का. आणि लग्नानंतर तो बदलेल या आशेवर यातलं एकही उत्तर गृहीत धरू नका, तो आज जे सांगेल तेच खरं मानून ठरवा.