ओढ्यावरच्या नोंदी : ‘आज दिसला नाही’ हेही वहीत येऊ द्या

मॅडम, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सातवीच्या मुलांना शाळेमागच्या ओढ्यावर निरीक्षणाला न्यायचंय तर सुरुवात कशी करायची, आणि पोरांच्या नोंदी खऱ्या अभ्यासाला उपयोगी पडतात का. नऊ वर्षं आमच्या गावच्या मुलांबरोबर हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

उपयोगी पडतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर भरलेल्या कोट्यवधी नोंदींवर उभा आहे. तिथे यादी भरताना शेवटी विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. शंभर पूर्ण याद्यांपैकी कितींत चिमणी आहे, हे वर्षानुवर्षं पाहिलं की ती घटतेय का ते कळतं. त्यामुळे मुलांना दुर्मिळ पक्ष्यामागे धावायला लावू नका. कावळा, साळुंकी, टिटवी सगळं लिहू द्या. रोजचा खंड्या आज दिसला नाही, तर तेही.

सुरुवात अगदी साधी ठेवा. एकच जागा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, पंधरा मिनिटं. पहिला महिना मोबाइल नकोच, वही आणि पेन्सिल पुरे. फोटो मिळाला की मुलं बघायचं थांबतात, चित्र काढायचं तर पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

आमच्याकडे एका मुलीनं मे महिन्यात ‘नवीन पक्षी’ म्हणून चित्र काढलं : पाठ गडद तांबूस, डोकं पिवळसर, बसलाय पाण्यातल्या चपट्या दगडावर. त्याच दगडावर जानेवारीत तिनंच मातकट, रेघारेघांचा बगळा काढला होता. मी काही बोललो नाही, फक्त मधल्या आठवड्यांची चित्रं ओळीनं मांडायला सांगितली. पाठीवरचा रंग पानागणिक चढत गेलेला पाहून पोरं ओरडलीच, “सर, हा तोच आहे!” ती ढोकरी होती. विणीच्या दिवसांत तिचा पिसारा असा बदलतो. त्यानंतर कुणालाही ‘नीट बघा’ म्हणावं लागलं नाही.

ज्यांना ओढ्यावर येणं जमत नाही त्यांना अंगणातलं एक झाड द्या. सीझनवॉच हा उपक्रम त्यासाठीच आहे : दर आठवड्याला त्याच झाडाची पालवी, कळ्या, फुलं, फळं बघायची आणि नाहीत, थोडी की पुष्कळ एवढंच लिहायचं.

अ‍ॅपवरचं खातं तुमच्या नावाचं असू द्या, मुलांची नावं किंवा चेहरे टाकू नका. टिटवीची अंडी उघड्यावर खड्यांत मिसळून जातात, तेव्हा काठावर पाय जपून टाकायला सांगा. घरट्याची जागा कुठेही जाहीर करू नका.

पावसाळ्यात पाणी चढलं की काठावर अजिबात नेऊ नका, शाळेच्या व्हरांड्यातूनच मोजा. मात्र त्या दिवसाच्या पानावर ‘व्हरांड्यातून’ असं आठवणीनं लिहून घ्या, कारण जागा बदलली की आकडेही बदलतात.