दोरीवरचे कपडे मोज

प्रश्न : मावशी, मी एकतीस वर्षांची, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करते. पगार २६ हजार. रात्री मुलगा झोपला की फोन घेऊन कुर्त्या बघत बसते. ‘सेल संपायला दोन तास’ असं दिसलं की राहवत नाही. गेल्या महिन्यात चार हजार असेच गेले. कपाटाचं दार लागत नाही आणि सकाळी अंगावर मात्र त्याच दोन कुर्त्या. तीन कुर्त्यांची तर लेबलंही काढलेली नाहीत. नवरा काही बोलत नाही, पण मलाच वाईट वाटतं. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे, म्हणजे पुन्हा खरेदी आलीच. स्वतःला आवर कसा घालू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पोरी, कपाटाला सध्या हात लावू नकोस. पंधरा दिवस फक्त वाळत घालायच्या दोरीकडे बघ. रोज दोरीवर तुझं काय काय पडतं ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेव. जे दोरीवर येतं तेवढेच तुझे कपडे.

मला हे पुराच्या वेळी कळलं. सांगलीत शिवणकाम करते, तीस वर्षं झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा दोन पिशव्यांत मावलं ते घेऊन मिरजेला बहिणीकडे गेले. घाईत हात आपोआप गेले ते चार सुती साड्यांवर, दोन गाऊनवर आणि एका स्वेटरवर. तीन आठवडे त्यातच निघाले, दुसऱ्या कशाची आठवणसुद्धा झाली नाही. परत आल्यावर ट्रंक उघडली. साड्या चिखलाने एकमेकींना चिकटलेल्या, एकीचा रंग दुसरीला लागलेला. त्यातल्या अकरा साड्यांना मी फॉलही लावला नव्हता. एकेक साडी म्हणजे माझे आठ-दहा ब्लाऊज शिवल्याचे पैसे. त्या धुताना मी तेच मोजत होते. म्हणून तुझं पत्र वाचून जीव तुटला.

आता त्या दोन कुर्त्या घे, ज्या तू नेहमी घालतेस. त्याच का, हे शोध. बहुतेक वेळा उत्तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या घेरात, असतं. स्कूटीचं हँडल धरलं की हात पुढे जातो. मुंढा घट्ट असला तर बगलेत काचतं आणि पाठीवर कापड ताणलं जातं. फोनवरच्या फोटोतली बाई हात खाली सोडून उभी असते, त्यामुळे ते आधी कळत नाही. मग अशी कुर्ती एकदा घातली जाते आणि कपाटात जाते. तुझी आवडती कुर्ती पलंगावर सपाट पसर, टेपने छाती, मुंढा, दंड आणि उंची मोज. कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटव. एल-एक्सएलवर जाऊ नकोस, प्रत्येक कंपनीचं एल वेगळं असतं. मापाच्या तक्त्यातले आकडे या कागदाशी ताडून बघ.

लेबल असलेल्या त्या तिघींची परत करायची मुदत असेल तर आजच परत कर. नसेल तर एकेक उलटी करून शिवण बघ. रेडिमेडमध्ये ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेला धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या शिलाईच्या, आत जेमतेम अर्धा सेंटीमीटर कापड असतं. माया, म्हणजे पुढे सैल करायला आत सोडलेलं जास्तीचं कापड, ठेवलेलीच नसते. अशी कुर्ती आवळता येते, उंची कमी करता येते, पण सैल होत नाही. घट्ट असलेली ठेवून काही उपयोग नाही, मापात बसेल अशा बहिणीला नाहीतर मैत्रिणीला दे. आणि रेयॉन घेताना जरा सैलच घे, पहिल्या धुण्यात ते आटतं.

रात्रीच्या त्या अर्ध्या तासाबद्दल तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दिवसभर काउंटरवर लोकांचं ऐकायचं, घरी येऊन पोळ्या लाटायच्या, मुलाला झोपवायचं. त्यानंतरची तेवढीच वेळ तुझी एकटीची. हौस असणं वाईट नाही, आणि तू कमावतेस. कुर्त्या खुशाल बघ, फक्त रात्री घेऊ नकोस. फोनमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाक. आवडलेल्या कुर्तीचा फोटो ठेव आणि रविवारी सकाळी, उजेडात, कपाट उघडून बघ. तिच्याखाली काय घालशील, ते हात लावून दाखवता आलं तर घे. नाही आलं तर ६९९ ची कुर्ती ६९९ ची राहत नाही. तिच्यामागून लेगिंग येते, ओढणी येते, बाह्या आत घ्यायची शिलाई येते.

माझं ऐकशील तर येत्या पगारात कुर्ती घेऊच नकोस. सुती कापडाच्या दोन पँट शिवून घे, एक गडद निळी, एक क्रीम. कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, म्हणजे नंतर आखूड होणार नाही. शिंप्याला सांगून दोन्हींना खिसे करून घे आणि बाजूला माया ठेवायला सांग. तुझ्या कपाटातल्या बऱ्याच कुर्त्या खाली काही जुळत नाही म्हणून पडून असतील. या दोन पँट आल्या की त्यातल्या किती दोरीवर येतात ते बघ.

भावाच्या लग्नाचं. बाजारात जायच्या आधी माहेरी जा आणि आईची ट्रंक उघड. करवलीच्या अंगावर आईची साडी असली तर आईला काय वाटेल, हे मी तुला सांगायला नको. ब्लाऊज होणार नाही म्हणून साडी ठेवून देऊ नकोस. जुन्या शिंप्याने शिवलेला असेल तर त्याच्या बाजूची टीप चार बोटं उसवून बघ. आत दाबलेलं कापड दिसेल, कधी ऊन न लागलेलं, पहिल्या दिवशी होतं त्याच रंगाचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं निघालं तर ब्लाऊज तुला होईल. बाहेरचं कापड विटलेलं असलं तरी ती गडद पट्टी दंडाखाली जाते, दिसत नाही. कमी पडलं तर बगलेखाली त्याच रंगाची पट्टी जोडता येते. फक्त हे काम दिवाळीच्या आधी टाक. दिवाळीनंतर लग्नाची कामं सुरू होतात आणि आमच्याकडे एक ब्लाऊज ठेवायलाही जागा उरत नाही.